वर्षाला पाच गोळ्या

बँकेच्या दारावरच्या पहारेकरी मामांचं गणित अगदी पक्कं होतं! "वर्षाला पाच गोळ्या, त्याही नेमबाजीच्या परीक्षेपुरत्या. तेवढ्यासाठी बाकी वर्षभर हे साडेचार किलोंचं धूड मी का वागवू?" असं म्हणत, रोजच्या आठ तासांनी पार पिळून निघालेल्या मामांनी जड रायफल परत केली आणि हलकी मागितली.

बंदुकांचा मिस्त्री म्हणाला, "मामा, गोळी तीच, जोरही तोच. जड बंदूक तो जोर स्वतः पिते. हलकी तुमच्या खांद्यावर ढकलते."

"पाचदाच ना? सोसेन!"

परीक्षेत पहिली गोळी सुटली आणि खेचरानं लाथ घालावी तसे मामा दोन पावलं मागे! उरलेल्या चार त्यांनी डोळे गच्च मिटून झाडल्या. शेजारच्या माणसाच्या नेमाच्या फळीवर मात्र एक भोक जास्त निघालं. नापास!

घरी मामींना काळानिळा खांदा दिसला. "अगं बाई! हे काय?"

"बंदूक लागली," मामा पुटपुटले.

"बंदूक लागली?" मामींनी अशी किंकाळी फोडली की अख्खी इमारत जिन्यात जमली. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी धीर दिला, "आरपार गेली असेल तर बरं असतं हो!"

"गोळी नाही, दस्ता लागला, दस्ता!" हे मामांनी सतरा जणांना सतरा वेळा सांगितलं.

फेरपरीक्षेआधी साहेबांनी वीस गोळ्यांचा सराव लावला. खांदा सुजून उशी झाला. पुन्हा नापास!

"आता चुकलात तर बंदूक जमा," साहेब म्हणाले, "आणि कायमची बदली तळघरात."

मामा मुकाट्यानं मिस्त्रीकडे गेले. "दे बाबा ते धूड."

तिसऱ्या परीक्षेत पाचच्या पाच गोळ्या फळीत! धक्का म्हणाल, तर झोपलेल्याला हळूच हलवून उठवावं इतकाच.

साहेब खूश! "मामा, काय जादू केलीत?"

थापा मारायलाही मामांच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. "काही नाही साहेब. जड बंदूक घेतली."

"ऐकलंत?" साहेब रांगेकडे वळले. "उद्यापासून सगळ्यांना जडच!"

रांगेत हलक्या बंदुका घेऊन उभे असलेले अकरा पहारेकरी मामांकडे वळून बघायला लागले. त्या नजरेचा धक्का पिण्याइतकं वजन कुठल्याच बंदुकीत नव्हतं!