झांशीला फक्त जेवण

गुरुवारी सकाळी चहा पिताना भगवानरावांना दोन गोष्टी माहीत नव्हत्या. रविवारी आपण झांशीच्या वाटेला लागणार नाही ही एक, आणि शुक्रवारची सकाळ आपल्याला दिसणार नाही ही दुसरी. त्यामुळे ते मजेत होते.

टेबलावर नकाशा पसरला होता आणि पंख्यानं उडू नये म्हणून त्याच्या चार कोपऱ्यांवर दुकानातली जुनी वजनं ठेवली होती. "हे पाय सुनू," ते रेघेवरून बोट फिरवत म्हणाले, "आपल्या मावला गावाच्या बाजूनं हा जो रस्ता जाते, तोच सरळ नागपूर, सागर, झांशी. कुठी वळाचं कामच नाई. सत्तावनच्या लोकायले असा रस्ता भेटला असता तं निकालच येगळा लागला असता."

झांशी, कोंच, काल्पी, ग्वाल्हेर अशी चार रणांगणं ठरली होती. लेकीची, सुनयनाची, छोटी गाडी, आणि माणसं दोन. हैदराबादला कॉलेजात शिकवणाऱ्या सुनयनानं त्यासाठी सुट्टी काढली होती. लढायांची तिला एवढी ओढ नव्हती. ओढ होती ती गाडीतल्या तासांची. लहानपणापासून तिच्या वाट्याला बाप आला, तो गिऱ्हाइकांमधून उरलेला. किराणा दुकानात पोत्यावर बसून तिनं झांशीचा वेढा कितीदा तरी ऐकला होता, पण शेवटापर्यंत एकदाही नाही. तोफा सुरू झाल्या की कोणीतरी पावशेर तूरडाळ मागायला यायचं, मग त्याच्या घरची ख्यालीखुशाली निघायची, आणि राणी बुरुजावर तशीच उभी राहायची. यंदा गाडीत गिऱ्हाईक येणार नव्हतं. हे ती वडिलांना बोलली मात्र नव्हती. अशा गोष्टी त्यांच्या घरात कोणी बोलत नसे.

लांबच्या प्रवासाला निघताना वडीलधाऱ्यांना कळवायचं आणि 'येता का' म्हणून विचारायचं, ही तिकडची रीत. समोरच्यानं 'तुमी जाऊन या' म्हणायचं, हीसुद्धा रीतच. भगवानरावांनी चहा संपवून भीमपूरला मोठ्या बहिणीला फोन लावला. बयनाबाईंचे गुडघे असे होते की त्या शेजारच्या लग्नालासुद्धा अक्षता घरूनच टाकायच्या.

"बाई, आमी झांशीले जाऊन राह्यलो. येतं का?"

"येतो ना," बयनाबाई म्हणाल्या. "कवा निंगाचं?"

भगवानरावांनी फोनकडे पाहिलं. मग म्हणाले, "रविवारी."

"झांशीच्या बगलेत ओरछा हाय म्हंतात. रामराजाचं. ते करून घेऊ. आन् मी एकटी कशी येऊ, माह्यासंगं भजनातल्या दोघी येतीन."

फोन ठेवल्यावर सुनयना म्हणाली, "बाबा, नाही म्हणा ना त्यांना."

"दुकानदाराच्या तोंडातून 'नाई' निंगत नसते, बाई. हिंग संपला असला तरी आपण म्हंतो, उद्या येते." त्यांनी ओरछ्यावर टिंब काढलं आणि कोंचवर काट मारली. "कोंचची लढाई तशी लहानच होती."

पाच माणसं छोट्या गाडीत कशीबशी मावली असती. पण भिंतीपलीकडे अमृतराव तुळशीला पाणी घालत होते. ते तहसीलमधून निवृत्त झाले होते, तरी कान अजून नोकरीत होते. भिंतीवरून त्यांचं डोकं वर आलं.

"भगवानराव, दौरा निंगाला म्हंते? आमाले खबर नाई."

आता न विचारणं म्हणजे शेजार मोडणं. "येता का?" भगवानराव म्हणाले. सुनयनानं डोळे मिटून घेतले.

"मंजूर," अमृतराव म्हणाले. "पण बायको म्हंते उज्जैन घ्या. आन् उज्जैन घेतलं तं मथुरा काऊन सोडता?"

सात माणसं झाली म्हणून जीप पाहायची ठरली. जीपवाला नागेश दुपारी आला आणि म्हणाला, "जीप काल गॅरेजला टाकली, सार. मिनीबस आहे. पर्वालेदु, काही हरकत नाही, मोठी आहे तर काय झालं? भाडं तेवढंच पडते, फक्त सगळे सीट भरून द्या." सीट भरायला बयनाबाईंचं अख्खं भजनी मंडळ तयारच होतं. मंडळाला बाहेरचं जेवण चालत नव्हतं, म्हणून शेगडी आली. शेगडी आली म्हणून सिलेंडर आला. सिलेंडरला जागा हवी म्हणून शेवटची सीट काढायची ठरली, आणि उरलेल्या अर्ध्या सीटवर, वयानं सगळ्यात लहान म्हणून, सुनयनाचं नाव पडलं. भगवानराव पुढे, नागेशच्या बाजूला. वाटेतलं दाखवायला.

उज्जैनमुळे काल्पी गेली. मथुरेच्या आरतीची वेळ गाठायची म्हणून ग्वाल्हेरला थांबणं शक्य नव्हतं. "रस्त्याच्या बाजूनंच लागते," अमृतरावांनी समजूत घातली, "जागे राह्यले तं खिडकीतून पाहूनच मुआयना होऊन जाईन." शेवटी झांशी तेवढी राहिली होती. तिथं दुपारी पोचणार, म्हणजे शेगडी पेटवायची वेळ.

"झांशीले फक्त जेवण," बयनाबाईंनी फोनवर निकाल दिला.

"जेवण तं जेवण," भगवानराव म्हणाले. "वेढ्यात उपाशी होते बिचारे. त्यायच्या नावानं दोन घास खाऊ."

दिवेलागणीला त्यांनी नकाशाची घडी केली. रणांगणं पाहण्याच्या प्रवासात आता एकही रणांगण उरलं नव्हतं आणि ते कमालीचे खूश होते. मग लेकीच्या चेहऱ्याकडे त्यांचं लक्ष गेलं.

"तुले काई म्हणाचं हाय का, सुनू?"

"काही नाही, बाबा."

"मंग ठीक." ते आत झोपायला गेले. शुक्रवारी सकाळी त्यांचा चहा गार झाला, तेव्हा सुनयना त्यांना उठवायला गेली.

रविवारी राख सावडून माणसं परतली, तर दारात मिनीबस उभी. बस रद्द करायचं काम प्रत्येकानं दुसऱ्यावर सोपवलं होतं, आणि 'नको' असा निरोप द्यायची त्या माणसांना सवय नव्हती. नागेश ठरल्याप्रमाणे भीमपूरला गेला होता. बयनाबाई शुक्रवारीच आल्या होत्या, पण मंडळालाही भेटायला यायचंच होतं, म्हणून मंडळ तीच बस धरून आलं. गाठोडी आणि सिलेंडर बसमध्ये आधीच चढले होते, ते उतरवत कोण बसणार? त्यामुळे आलेली माणसं दुःखाला आली की यात्रेला, हे त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं.

अस्थींची लोटकी अंगणातल्या लिंबाला बांधली होती. तिच्याखाली सतरंजी टाकून सगळे बसले. थोडा वेळ रडणं झालं, मग अमृतरावांनी घसा साफ केला.

"अस्थी प्रयागले न्याच लागतीन. गाडी दारात हाय."

"प्रयागले गेलं तं काशी वाटेतच," मंडळातली एक म्हणाली.

"दहावं झालं का निंगू," बयनाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "भाऊले मी पुढच्या शिटीवर मांडीवर घेऊन बसतो. सुनयना मांगं बसंन, शेगडीपाशी. जागा ठरेलच हाय."

सुनयनानं वर लोटकीकडे पाहिलं. वारा नव्हता, पण ती हळूच हलत होती, गिऱ्हाइकाला मान डोलवावी तशी. विचारलं असतं, तर बाबांनी मलाही 'नाई' म्हटलं नसतं. हे तिला आत्ता सुचत होतं.

"अस्थी मी नेते," ती म्हणाली. "माझ्या गाडीतून. झांशीवरून काल्पीला."

"काल्पीले?" अमृतराव म्हणाले. "तिथं काय हाय?"

"यमुना आहे. तीच पुढं प्रयागला जाते."

अमृतरावांनी मनातल्या मनात नदी तपासली. ती बरोबर निघाली.

"तरी गाडीत तीन शिटा खाली राह्यतीन," ते म्हणाले.

"राहू द्या."

"अवं, एवढ्या लांब एकटी काऊन जातं बाई?" बयनाबाईंनी तिचा हात धरला. "मी येतो ना. गुडघ्याचं पाहू काई."

नागेशनं बसचं इंजिन बंद केलं. सुनयनानं आत्याचा हात सोडवला नाही, उलट घट्ट धरला, आणि ती त्या घराच्या बोलीत बोलली, जी हैदराबादला गेल्यापासून तिच्या तोंडी आली नव्हती.

"आत्या, मले बाबा एकटीले पायजे होते. लहान होतो तवापासून. मधात कोणीच नको होतं, तुमीबी नाई. तुमी सारे काशीले जाऊन या. आमी दोघं झांशीले चाललो."