गाडी विकून राहिलो

आमचे शेजारी वानखेडेकाका चार वर्षं गाडी विकून राहिले होते.

पुण्याकडच्या वाचकांचा इथेच घोटाळा होईल, म्हणून आधीच सांगते. आम्हां भिलाईच्या मराठी माणसांत 'विकून राहिलो' म्हणजे 'विकतो आहे'. विकली आणि मग मागे राहिलो, असा अर्थ नाही. काकांचे जावई पक्के पुण्याचे. त्यांनी पहिल्यांदा फोनवर हे ऐकलं आणि, "अरे वा, विकली? मग राहताय कशाला? या इकडे!" म्हणून तिकीटसुद्धा काढून टाकलं. काका आठवडाभर हसत होते. "यायले आपली मराठी समजतच नाई व!"

सुमनकाकू गेल्यावर मंजूनं, म्हणजे काकांच्या मुलीनं, 'बाबा, पुण्याला चला' असा धोशा लावला होता. काकांनी तिला शब्द दिला, "गाडी विकली का आलोच." झालं! ज्या दिवशी गाडी जाईल त्या दिवशी काकाही जाणार, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. गिऱ्हाईक आलं की मी चहा करायची आणि मनात म्हणायची, देवा, हाही पळून जाऊ दे. स्वार्थ होता माझा. माझी पोरं घरातसुद्धा अर्धं हिंदी बोलतात. काका गेले असते तर भिंतीपलीकडून "काय करून राहिली व?" असं विचारणारं कोणी उरलं नसतं.

गाडी म्हणजे काय, विचारू नका! खास इंग्लंडची. लांबलचक नाक, अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड, लाल चामड्याच्या सीटा. इंजिन सुरू असलं तरी सुरू आहे का म्हणून विचारावं लागे, आणि काकांनी पाय दाबला की पाठ सीटला चिकटे. प्लांटमधून रिटायर झाल्यावर काकांच्या सोबतच्यांनी रिसालीत प्लॉट घेतले. काकांनी एका संस्थानिकाच्या नातवाकडून ही घेतली. सुमनकाकूंनी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

मग दर रविवारी दोघं आमच्या स्मृती नगरातून निघून कुम्हारीला चहा प्यायला जात. चहा काय, आमच्या चौकातही मिळतो. पण हायवे लागला की काका म्हणत, "धर व सुमन!" आणि काकू दोन्ही हातांनी पर्स धरत. देवळात शिरावं तशा त्या चपला काढून गाडीत बसत. एकदा चपला कुम्हारीच्या टपरीसमोरच राहिल्या. काका त्या आणायला परत गेले आणि आणखी एक चहा पिऊन आले.

तर गिऱ्हाइकं. दुर्गचा एक ठेकेदार आला, म्हणाला, "अंकल, एवरेज कितना देती है?"

"गाड़ी है, गाय नहीं." तो गेला.

दुसऱ्याला भाच्याच्या वरातीसाठी हवी होती. "थे राणी हाय, घोडी नाई," असं काका मला म्हणाले आणि त्याला हिंदीत काहीतरी त्याहून वाईट.

रिसालीचे एक डॉक्टर मात्र खरंच घेणार होते. माणूस सहा फुटी. पुढे काकांच्या शेजारच्या सीटवर बसले तर गुडघे थेट हनुवटीला! बिचाऱ्यांनी सीट मागे घ्यायला खाली हात घातला.

"सीटले हात नाई लावाचा!" काका एकदम ओरडले. डॉक्टर तसेच मुटकुळं होऊन कुम्हारीपर्यंत गेले आणि परत आल्यावर कंबर धरून घरी गेले. मला वाटायचं, सीटची पट्टी गंजली असेल आणि काका ते झाकत असतील. माणसाच्या मनात किती कमी येतं बघा.

गेल्या महिन्यात कुम्हारीचे साहू आले. छोटं लेथचं वर्कशॉप त्यांचं. सोबत म्हातारी आई, जेमतेम माझ्या खांद्याला लागणारी. आई गाडीपाशी आली, चपला काढल्या आणि पुढच्या सीटवर बसली.

काका दोन पावलं पुढे आले.

साहूंनी आईला विचारलं, "दाई, सीट आगे कर दूँ?"

"राहन दे बेटा. बने हे. गोड़ टिकत हे." राहू दे, छान आहे, पाय टेकताहेत.

काकांनी वाकून पाहिलं. दोन्ही अनवाणी पाय खाली अगदी बरोबर टेकले होते. मग ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "सुमननं लावली होती व ही सीट. तेव्हापासून कोणाले सरकू देल्ली नाई." आणि माझ्या डोळ्यांना धारच लागली.

ट्रायल झालीच नाही. काकांनी म्हातारीच्या चपला उचलल्या आणि गाडीत तिच्या पायांशी ठेवल्या. "चप्पल अंदर रखा करो, अम्मा. रह जाती है." आणि किल्ली साहूंच्या हातात दिली.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मी मनात काकांच्या पेट्या भरायला घेतल्या होत्या. तेवढ्यात पुण्याचा फोन आला. काकांनी तो माझ्यासमोरच स्पीकरवर घेतला. जावई म्हणाले, "मंजू विचारतेय, गाडीचं काय झालं?"

काका रिकाम्या शेडकडे बघत होते. "तिले सांगा, राग नको धरू. दरवर्षी येईन महिनाभर. पन मले करमनार नाई तिकडं. सुमन इथंच गेली, माह्यं सगळं इथंच हाय."

"पण बाबा, गाडी?"

"आज तुमच्या व्याकरणानं ऐका, जावईबापू. गाडी विकून राहिलो."

तिकडे जावयांनी मंजूला सांगितलेलं ऐकू आलं, "गाडी विकली, आणि बाबा तिकडेच राहिले." या खेपेला त्यांना काकांची मराठी बरोबर कळली होती.