महिपत शिगवण यांचा मूषकवर्गात समावेश

लोटे येथील प्लायवूडचा गोंद बनविणाऱ्या एका कंपनीत, त्या गोंदातील फॉर्मालिनच्या वाफेने श्वसनमार्गावर काय परिणाम होतो, याचा शोध सन १९८४ मध्ये पांढऱ्या उंदरांच्या साहाय्याने चालू होता. उंदरांना काचेच्या पेटीत ठरावीक वेळच वाफ देण्यात येई, रविवारी सुट्टी असे आणि दर सोमवारी डॉ. साठ्ये प्रत्येकाचे नाक जातीने तपासीत.

पेट्या पुसण्याचे कार्य महिपत शिगवण याजकडे होते. तीच वाफ तो दिवसभर, रविवार धरून, घेत असे. त्याचे दुःख एकच होते. बायको मालन सुकट भाजू लागली की पलीकडच्या वाडीतली मांजरे धावून येत. महिपतास मात्र सुकट ताटात पडेपर्यंत वासाचा पत्ता नसे.

"डॉक्टरसायेब, माजा पन नाक बगा जरा."

"महिपत, मंजुरी उंदरांपुरती आहे. माणसाच्या नाकासाठी मुंबईहून वेगळी मंजुरी लागते. ती येईपर्यंत तू निवृत्त होशील."

"मंग मना उंदीर करा!"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. नुकताच एक उंदीर वारल्याने जागा रिकामी होती. मॅनेजरसाहेबांनी नियम चाळले. मनाई कोठेच नव्हती. महिपतच्या कानास पितळी बिल्ला लावण्यात आला. उंदीर पगारास पात्र नसल्याने पगार थांबला, भिजवलेले हरभरे सुरू झाले. पेटीत तो मावेना, तेव्हा पेटीच त्याच्या डोक्यावर उपडी घालण्यात आली.

मालन डबा घेऊन आली. पहारेकऱ्याने तिला अडविले. "प्रयोगातल्या प्राण्यांस बाहेरचे खाद्य घालण्यास मनाई आहे."

"प्रानी? मेल्या, तो माजा घोव हाय!"

"कालपर्यंत होता, बाई."

तिने खिडकीतून हाक मारली, "आवो, ह्या काय मांडलाव?"

"गप गो! सोमवारी नाक बगनार हायत!" महिपत काचेआडून हर्षाने ओरडला.

सोमवार उजाडला. नाकात नळी घालून पाहताच डॉक्टरांनी टाळी वाजविली. "आतले अस्तर पार सोलवटले आहे! शिगवण, इतका सुंदर पुरावा मी आयुष्यात पाहिला नाही!"

महिपत पेटीसकट नाचला. आता औषध मिळणार, वाफ बंद होणार!

अहवाल मुंबईस गेला. मुख्य कार्यालयाने तत्परतेने कळविले की, निष्कर्ष अत्यंत चिंताजनक आहे. तथापि तो एका उंदराच्या नाकावरून काढलेला असल्यामुळे माणसांस लागू होत नाही. सबब उत्पादन दुप्पट करावे.

"मंग मना परत मानूस करा," महिपत कळवळला.

"कसे करणार?" डॉक्टर म्हणाले. "तुझ्या जागी दुसरा माणूस घेतला."

"आनि औषद?"

"उंदरांस औषध देत नसतात, शिगवण. त्यांचे निरीक्षण करतात."

त्या गोंदाचे प्लायवूड आता घरोघरी पोहोचले आहे. सुज्ञ वाचकांनी निर्धास्त असावे. नव्या कपाटाचे दार उघडून पाहुण्यांस कौतुकाने वास देण्याची आपली पद्धत खुशाल चालू ठेवावी. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेच, तर ते हेव्याने आले, असे समजावे.