चौथ्या चष्म्याची परीक्षा

चष्मेवाल्याने बायकोला आठ महिन्यांत चौथा चष्मा करून दिला, तेव्हा घरात एक तह झाला.

"हा घाल आणि रविवारी आपण जुन्या चर्चमध्ये जाऊ," तो म्हणाला. "तिथं काचेच्या पेटीत संताच्या बोटाचं हाड आहे. तुला ते बघायचंच आहे ना? ते दिसलं म्हणजे माझा नंबर बरोबर."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर सोमवारी मोठ्या डॉक्टरकडे."

हे शेवटचं वाक्य आपल्या तोंडून कसं निघालं, ते त्यालाही कळलं नाही. मोठ्या डॉक्टरचा विषय निघाला की तो एरवी उठून दुकानात जाऊन बसायचा. बावीस वर्षं तो लोकांच्या नाकावर चष्मे बसवत आला होता, आणि त्याचीच बायको आताशा कपाबाहेर चहा ओतायची. समोर आलेल्या माणसाला बोलेपर्यंत ओळखायची नाही. नंबर वाढलाय, दुसरं काही नाही, असं तो तिला सांगायचा आणि स्वतःलाही. खरं तर तो घाबरला होता. घाबरलेली माणसं दारू पितात, देवाला हात जोडतात. हा चष्मे करत बसला.

तिला मात्र ते हाड मनापासून बघायचं होतं. तिच्या आईने लहानपणी त्याच्या गोष्टी सांगितल्या होत्या. "दिसतंय तोवर बघून घेते," असं ती सहज म्हणाली होती, आणि ते 'दिसतंय तोवर' त्याच्या मनाला फार लागलं होतं.

रविवारी आभाळ सकाळपासून काळवंडलेलं होतं. चर्चमध्ये तर भरदुपारी दिवेलागणीसारखा अंधार. दगडी भिंतींना ओल आलेली, मेणबत्त्यांचा उजेड जेमतेम मेणबत्त्यांपुरता. पेटीपुढे चाळीसेक माणसांची रांग होती. कुणी काचेला कपाळ टेकवी, कुणी ओठ लावी, आणि बाजूला उभा असलेला चर्चचा सेवक सर्दी झालेल्या नाकातून दर अर्ध्या मिनिटाला म्हणे, "पुढे चला."

चष्मेवाल्याची थोरली बहीणही सोबत आली होती. कुठे जायचं म्हटलं की ती आधी तयार होऊन बसायची. रांगेतही तीच पुढे. ती वाकली, काचेला डोकं टेकवलं आणि पदराने डोळे पुसत बाजूला झाली.

"काय तेज गं बाई," ती भावजयीला म्हणाली. "नखसुद्धा शाबूत आहे."

"मागच्या वेळी मलाही नख दिसलं होतं," मागचे एक जाडे गृहस्थ म्हणाले. हाडाला नख कुठून येणार, हा प्रश्न रांगेत कुणालाच पडला नाही.

मग बायको वाकली. बराच वेळ वाकूनच राहिली.

"काय दिसतंय?" चष्मेवाल्याने विचारलं.

"काही नाही."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात त्याचं लक्ष काचेकडे गेलं. काचेवर शेकडो कपाळांचं तेल आणि ओठांचे ठसे. दुकानात असली काच त्याने गिऱ्हाइकाला दाखवली नसती. त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने खिशातून पिवळं फडकं काढलं, पेटीवर दोनदा तोंडाची वाफ सोडली आणि काच खसाखसा पुसायला घेतली.

"अरे, ती पेटी आहे की तुझ्या दुकानाचं कपाट?" बहीण दबक्या आवाजात ओरडली.

"ताई, तू मध्ये पडू नकोस. हं, आता बघ गं."

"नाही हो दिसत."

"पुढे चला," सेवक म्हणाला.

"एकच मिनिट," चष्मेवाला म्हणाला, आणि इथे त्याने डोकं गहाण टाकलं. नंबर तपासायच्या भिंगांची डबी तो कुठेही बरोबर न्यायचा. ती त्याने उघडली आणि बायकोच्या चष्म्यापुढे एकेक भिंग धरायला सुरुवात केली.

"हा बरा की हा?"

"दोन्ही सारखेच."

"नीट बघ. हा, की हा?"

रांग पार दारापर्यंत गेली. मागचे लोक पुढे काय चाललंय ते विचारू लागले आणि पुढच्यांनी सांगितलं की डोळे तपासताहेत, बहुतेक फुकट असावं. लगेच पिशवीवाली एक बाई रांग सोडून पुढे आली. "भाऊ, माझंही बघा ना जरा. मला लांबचं पुसट दिसतं." तिच्यामागून आणखी तिघे आले. जाडे गृहस्थ रांगेतल्या नंबरावरून त्यांच्याशी भांडायला लागले. सेवकाने कपाळाला हात लावला आणि तो गर्दीतून वाट काढत पेटीकडे निघाला.

"अहो, पुरे आता," बायको कंटाळून म्हणाली. "आत काही नाहीच."

"असं बोलू नये," नणंद म्हणाली. "पाप लागतं."

सेवक पोचला. त्याने नाक पुसलं, वाकून आत पाहिलं आणि सरळ उभा राहिला.

"बाई बरोबर बोलतायत," तो म्हणाला. "हाड आत नाहीये. चांदीची बैठक निखळली होती, म्हणून सहा दिवसांपूर्वी दुरुस्तीला नेलंय. आत चिठ्ठी उभी केली होती, ती पडलीय वाटतं."

आता चष्मेवालाही वाकला. इतका वेळ त्याने काच पाहिली होती, आत पाहिलंच नव्हतं. आत लाल मखमल होती आणि उपडा पडलेला एक कागद.

"मग सहा दिवस तुम्ही लोकांना पुढे चला, पुढे चला काय म्हणताय?" जाड्या गृहस्थांनी विचारलं.

"माझं काम तेच आहे," सेवक म्हणाला. "कुणी विचारलंच नाही."

"मला तर दिसलं होतं," बहीण पुटपुटली आणि एका बाकावर जाऊन बसली. जाडे गृहस्थ घड्याळ बघत दाराकडे निघाले.

चष्मेवाल्याचा आनंद मात्र गगनात मावेना. चाळीस माणसांत खरं दिसलं ते एकटीला, आणि तेही त्याच्या चष्म्यातून. पिशवीवालीने दुकानाचा पत्ता विचारला, मग आणखी चारपाच जणांनी विचारला. सेवकानेसुद्धा जाताजाता विचारून घेतला. आठ महिन्यांत पहिल्यांदा तो मोठ्याने हसला.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर तो म्हणाला, "सोमवारचं रद्द. डॉक्टरबिक्टर काही नाही."

बायको भिंत चाचपत एकेक पायरी उतरत होती. ती थांबली.

"अहो, मला पेटीच दिसली नव्हती."

"म्हणजे?"

"काचेला कपाळ लागलं तेव्हा कळलं की आपण पोचलो. तुम्ही भिंगावर भिंग लावत होतात, मागे लोक भांडत होते. तुम्ही थांबावं म्हणून बोलले मी काहीतरी."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का?"

"तुम्ही इतके हसत होतात."

चष्मेवाला पायरीवरच बसला. त्याने तिचा हात धरून तिलाही शेजारी बसवलं, तिचा चष्मा अलगद काढला आणि मिटून खिशात ठेवला. माणसं त्यांना वळसा घालून उतरत होती.

"खरं सांग," तो म्हणाला. "किती दिसतं तुला?"

"मधलं सगळं काळपट झालंय. कडेकडेचं थोडं दिसतं." तिने मान तिरपी करून त्याच्याकडे पाहिलं. "आता तुम्ही बसलाय ते कळतंय. पण हसताय की रडताय, ते नाही कळत."

"हसतोय," चष्मेवाला म्हणाला.