वस्तादांची फळी

"सात!" किकभाऊ सोफ्यावरून अर्धे उठले. "जिना चढायला सात शॉट! पूर्वी सात शॉटमध्ये अख्खी टोळी झोपवायचा हा माणूस."

"मग आता स्वतः झोपू दे की त्याला," टीव्हीकडे न बघता बायको म्हणाली. "वय काय झालं?"

"एकोणसत्तर."

"आणि ती कोण मागे धावतेय त्याच्या? नात?"

किकभाऊंनी टीव्हीचा आवाज वाढवला. ती नात नव्हती, नायिका होती. असले प्रश्न कानाआड करायची त्यांना गेल्या दहा वर्षांत सवय झाली होती.

पडद्यावरच्या त्या माणसाला त्याचे चाहते नुसतं 'वस्ताद' म्हणत. किकभाऊंना किकभाऊ हे नावही त्याच्यामुळेच पडलं होतं. नववीत असताना वस्तादांचा सिनेमा बघून आल्यावर त्यांनी वर्गातल्या बाकावरून एक हवाई लाथ मारली होती. लाथ कुणालाच लागली नाही, पण त्यांचं स्वतःचं गळ्याजवळचं हाड मोडलं. आता ते चोपन्न वर्षांचे होते, गाद्यांच्या एका मोठ्या शोरूममध्ये सर्वांत जुने सेल्समन होते आणि वस्तादांवर मनापासून वैतागलेले होते. म्हातारं होण्याला त्यांची हरकत नव्हती. लपवाछपवीला होती. केसांचा टोप, श्वास लपवायला मोठमोठ्यानं संगीत, आणि वस्ताद पाठमोरे झाले की बदलणारे कान! डमी कितीही तंतोतंत घेतला तरी कान काही जुळत नाहीत, हे किकभाऊंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कोण आणतं?

आणि तरीही, पाठीला आराम देणाऱ्या नव्या गादीच्या उद्घाटनाला कुणाला बोलवावं, असं शेठनी विचारलं, तेव्हा किकभाऊंच्या तोंडून पटकन निघून गेलं, "वस्ताद!"

"ते आहेत अजून?" शेठनी विचारलं.

"आहेत म्हणजे? एका घावात फळी मोडतात! ते फळी मोडतील आणि मग म्हणतील, 'फळी मोडते, पाठ नाही.' झाली आपली जाहिरात."

शेठनी डोळे मिटून ते वाक्य दोनदा पुटपुटलं. मग म्हणाले, "चालेल. पण फळी मोडली नाही तर हसं माझ्या दुकानाचं होईल. मग तुम्ही शोरूममध्ये दिसायचं नाही. गोदामात बसून उशा मोजायच्या."

"माझी जबाबदारी," किकभाऊ म्हणाले.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी शोरूमचा कायापालट झाला होता. पलंग जोडणाऱ्या मिस्त्रींनी फळ्या ठोकून हातभर उंच स्टेज केलं होतं. त्यावर दोन स्टुलं आणि स्टुलांवर आडवी ठेवायला चांगली इंचभर जाडीची फळी तयार होती. फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाहिरातीचं वाक्य छापलेला चकचकीत स्टिकर होता. खुर्च्या भरायला लागल्या होत्या. तिसऱ्या रांगेत किकभाऊंची बायको पर्स मांडीवर घेऊन बसली होती. ती फक्त नवऱ्याची फजिती बघायला आली आहे, असं तिनं घरीच स्पष्ट सांगितलं होतं.

गाडी आली. किकभाऊ हार घेऊन पुढे धावले आणि तिथेच थबकले.

गाडीतून आधी एक पाय बाहेर आला. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मग एक काठी आली, मग सेक्रेटरी पलीकडून धावत आला, आणि मग "हळू, हळू" असं स्वतःलाच सांगत वस्ताद बाहेर आले. शोरूमच्या दोन पायऱ्या चढायला त्यांनी कठड्याचा आधार घेतला. दुसऱ्या पायरीवर थांबून त्यांनी चौकटीच्या लाकडाची चौकशी केली. त्यांना लाकडात रस नव्हता, दम खायचा होता. किकभाऊंच्या हातातला हार खाली आला. हा माणूस फळी मोडणार? याला फळीवर बसवलं तरी तो मोडेल!

गोदाम, उशा, बायकोचं हसू, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त त्यांना पुढचा क्षण दिसत होता: वस्ताद फळीवर हात मारतायत, फळी तशीच, हात सुजलेला आणि दोनशे लोक मोबाइल धरून हसतायत. ते बघवलं नसतं. वस्तादांना ते स्वतः काहीही बोलोत, पण इतरांनी हसायचं म्हणजे काय?

ते मागच्या खोलीत गेले. मिस्त्री फळी पुसत बसले होते.

"मिस्त्री, करवत द्या."

"कशाला?"

"द्या हो! आणि तुम्ही जरा बाहेर जा. हे कुणाला कळता कामा नये."

मिस्त्रींनी फळीकडे बघितलं, मग किकभाऊंकडे बघितलं. "साहेब, त्या फळीचं असं आहे की..."

"मला फळीचं काही ऐकायचं नाही! वस्ताद आलेत बाहेर. द्या करवत."

"मी सांगत होतो..."

"मिस्त्री!"

मिस्त्रींनी करवत दिली आणि खांदे उडवून ते बाहेर गेले. किकभाऊंनी फळी उपडी केली, मधोमध रेघ मारली आणि निम्म्या जाडीपर्यंत चीर पाडली. चिरेत मेणबत्तीचं मेण भरलं, वरून लाकडाचा भुसा चोळला. मग एखाद्या तान्ह्या बाळाला उचलावं तशी ती दोन्ही हातांनी उचलून त्यांनी मिस्त्रींच्या स्वाधीन केली. मिस्त्रींनी ती त्याहूनही जपून नेली. तेव्हाच खरं म्हणजे शंका यायला हवी होती.

शेठचं भाषण झालं. वस्ताद स्टेजवर चढले. काठी सेक्रेटरीकडे देऊन त्यांनी कोटाची बटणं काढली, बाह्या सावरल्या, आणि एकदम सगळी शोरूम शांत झाली. पाय फाकवून उभं राहायची तीच लकब, तीच तिरकी मान. उजवा हात सावकाश कानापर्यंत वर गेला.

"हाऽऽऽ!" वस्ताद गरजले आणि जुन्या सवयीनं त्यांनी डावा पाय स्टेजवर आपटला.

स्टेज हादरलं. स्टुलं हादरली. आणि फळी मधोमध मोडून दोन बाजूंना पडली.

वस्तादांचा हात अजून कानापाशीच होता.

मग मागच्या रांगेतून कुणीतरी किंचाळलं, "हात न लावता!" आणि मग जे काही सुरू झालं त्याला टाळ्या म्हणणं कठीण आहे. लोक खुर्च्यांवर चढले, गाद्यांवर चढले. "नुसत्या आवाजानं मोडली!" "आतली शक्ती असते ती!" मिस्त्री तेवढ्यात चपळाईनं पुढे झाले आणि त्यांनी फळीचे दोन्ही तुकडे एका उशीच्या अभ्र्यात घालून नाहीसे केले.

वस्तादांना चेहऱ्यावर दोनच भाव दाखवता येतात, असं त्यांचे शत्रू म्हणत. किकभाऊंच्या मते ते चार होते. आत्ताचा पाचवा होता, आणि तो त्यांनी कधीच पाहिला नव्हता.

मागच्या खोलीचं दार लागल्याबरोबर वस्तादांनी काठी आपटली. "कुणी केलं हे?"

शेठ, सेक्रेटरी, किकभाऊ, तिघंही मिस्त्रींकडे बघू लागले.

"माझ्याकडे काय बघता?" मिस्त्री म्हणाले. "सकाळी वस्तादांना आणायला जायच्या आधी हे सेक्रेटरी साहेब येऊन गेले. म्हणाले, वस्तादांच्या फळीला नेहमी चीर पाडलेली असते, कुणाला बोलू नका. मी स्टिकरखाली पाडली. मग शेठ आले. म्हणाले, म्हाताऱ्या माणसाला लागायला नको, थोडी चीर पाडा, कुणाला बोलू नका. मी आणखी थोडी खोल नेली. मग हे किकभाऊ आले आणि त्यांनी करवतच मागून घेतली."

"अहो, मग आधीच चीर आहे असं सांगायचं नाही का मला?" किकभाऊ उसळले.

"सांगत होतो तर ओरडलात! आणि दोघांना शब्द दिला होता ना मी? शब्द म्हणजे शब्द."

वस्ताद गादीच्या काठावर टेकले. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"चार महिने," ते म्हणाले. "चार महिने रोज सकाळी वाळूच्या पिशवीवर हात मारतोय. गुडघे गेले, कंबर गेली, हे मलाही कळतं. पण हात नाही गेलेला. तीस वर्षं मला कापलेल्या फळ्या देतायत. एकदा, फक्त एकदा, लोकांसमोर खरी फळी मोडायची होती. याला बजावलं होतं, या वेळी चीर नको म्हणून."

"मला वाटलं, तुम्ही दरवेळी म्हणता तसंच म्हणताय," सेक्रेटरी पुटपुटला.

वस्तादांनी हात झटकला आणि ते किकभाऊंकडे वळले. "हा पगारी माणूस. शेठना त्यांच्या दुकानाची काळजी. पण तुम्ही तर माझे चाहते ना? तुम्हालाही वाटलं, मला जमणार नाही?"

किकभाऊंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. चाळीस वर्षांत वस्ताद त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होते, आणि हे बोलत होते.

"मिस्त्री," ते कसेबसे म्हणाले, "दुसरी फळी आणा. अख्खी."

मिस्त्रींनी पलंगाची एक कोरी फळी आणली. वस्तादांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, कडेवरून बोट फिरवलं, टकटक वाजवून पाहिली. किकभाऊंनी दोन स्टुलं ठेवली. या वेळी पाय आपटणं नाही, गर्जना नाही. वस्तादांनी नाकानं एक श्वास घेतला आणि हात खाली आणला.

खाडकन आवाज झाला आणि फळी मोडली.

सात शॉट नव्हते, एकच होता. आणि कान त्यांचे स्वतःचेच होते. किकभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही.

वस्तादांनी सुजायला लागलेला हात गुपचूप कोटाच्या खिशात घातला आणि ते हळूच मागे आडवे झाले. "गादी खरंच बरी आहे हो," ते म्हणाले.

"वस्ताद, चला!" किकभाऊ म्हणाले. "बाहेर सगळ्यांसमोर एक फळी मोडा. खरीखुरी."

"अजिबात नाही!" शेठ दारात आडवे आले. बाहेरून "पुन्हा! पुन्हा!" असा गजर ऐकू येत होता. "आत्ताच हात न लावता मोडलीय. आता हात लावला तर लोक म्हणतील, म्हातारा थकला. मिस्त्री, तशाच तीन चिरांची आणखी एक करा. माझ्या बाकीच्या सहा शोरूमनाही तेच लागणार आहे."

वस्तादांनी डोळे मिटून घेतले. मिस्त्रींनी करवत उचलली.

संध्याकाळी किकभाऊ घरी आले ते काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला फळीचा अर्धा तुकडा घेऊन. त्यांनी तो टेबलावर ठेवला. सकाळी हसायची तयारी करून गेलेली बायको टीव्हीवर वस्तादांचाच सिनेमा लावून बसली होती.

"हे बघ," किकभाऊ म्हणाले. "कुठे चीर आहे? शोध. वस्तादांनी माझ्यासमोर मोडलीय. हातानं."

बायकोनं फळी पाहिली, मग नवऱ्याकडे दयेनं पाहिलं.

"हातानं? काहीतरीच काय बोलता?" ती म्हणाली. "तिसऱ्या रांगेत बसून डोळ्यांनी पाहिलंय मी. त्या माणसाला हात लावायची गरजच नाही. इतकी वर्षं स्वतःला चाहता म्हणवता, आणि आता त्यांना असं कमी लेखता? लाज वाटली पाहिजे तुम्हाला."