दत्तारामने आखलेलं मैदान

"मैदानाचं माझ्यावर सोडा. पालिकेचा साहेब येईल तो तोंडात बोट घालून परत जाईल," असं दत्ताराम तळवडेकर मंडळाच्या बैठकीत छातीवर हात ठेवून म्हणाला, आणि तिथूनच सगळं बिघडायला सुरुवात झाली.

ही बहात्तर सालच्या मे महिन्यातली गोष्ट. भांडुपला डोंगराच्या पायथ्याशी चाळींची रांग संपायची आणि युस्टेस डिमेलोची वाडी सुरू व्हायची. त्या दोघांच्या मध्ये एक मोकळी जागा होती. मुलांच्या खेळासाठी राखून ठेवलेली. तिथं सकाळ-संध्याकाळ पोरांचा नुसता दंगा चालायचा. एका कोपऱ्यात कबड्डी, दुसऱ्यात क्रिकेट, आणि वाडीतली पोरं मधूनच फुटबॉल घेऊन आरपार निघून जायची. कोण कुठल्या खेळात आहे हे खुद्द खेळणाऱ्यांनाही नीट सांगता आलं नसतं. पण पोरं खूश होती.

मग कुणीतरी वर कळवलं की ही जागा रिकामीच पडून असते, तिथं गोदाम बांधलं तर बरं. पालिकेतून निरोप आला की रविवारी अधिकारी येऊन बघतील. जागा वापरात दिसली तर मैदान राहील, नाहीतर गोदाम. चाळीचे आणि वाडीचे लोक घाबरले. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला मोटारींचा रस्ता. ही जागा गेली असती तर पोरांना जिन्यातच कबड्डी खेळावी लागली असती.

दत्ताराम मंडळाचा सेक्रेटरी. विक्रोळीच्या एका कारखान्यात तो लोखंडी कपाटांचे नकाशे काढायचा. वीस वर्षं कपाटं काढून काढून त्याची अशी ठाम समजूत झाली होती की जगातल्या कुठल्याही गोंधळाला कप्पे पाडले की तो सुधारतो. त्याने मैदानाचाही नकाशा काढला. कबड्डी, खोखो, व्हॉलीबॉल, बॅडमिंटन, लांब उडी, फुटबॉल, लहान मुलांसाठी लंगडीचा चौकोन, असं सगळं त्याला बसवायचं होतं. जागा जेमतेम एका खेळाची. तरी त्याने बसवलं. व्हॉलीबॉलची सर्व्हिस करणारा गडी लांब उडीच्या वाळूत उभा राहणार होता. खोखोचा एक खांब बॅडमिंटनच्या जाळीला टेकत होता. फुटबॉलला गोल एकच होता, कारण दुसरा युस्टेसच्या विहिरीत पडत होता. युस्टेसने हे हळूच सुचवून पाहिलं, तेव्हा दत्तारामने त्याला सांगितलं की एका गोलावरही जिद्दीने खेळता येतं.

गुरुवारी आणि शुक्रवारी त्याने स्वतः जमीन झाडली, पाणी शिंपडलं, दोरी ताणली आणि फक्कीने रेघा ओढल्या. काम मात्र देखणं झालं, यात वाद नाही. लांबून पाहिलं तर एखाद्या नव्या कोऱ्या कपाटाची दारं कुणी जमिनीवर उताणी टाकल्यासारखी वाटायची. रेघा इतक्या सुरेख झाल्या होत्या की दत्तारामचा त्यांच्यावर जीव जडला. पोरं खेळायला आली तेव्हा त्याने दोन्ही हात पसरून त्यांना अडवलं. रविवारपर्यंत मैदानात कुणी पाय ठेवायचा नाही, रेघ फिसकटली तर याद राखा, अशी ताकीद दिली. पोरांनी थोडी हुज्जत घातली, मग थोडी विनवणी केली, आणि शनिवारी सकाळी सगळी टोळी मुलुंडला दुसऱ्या एका मैदानावर खेळायला निघून गेली.

इकडे त्याची बायको मथुरा खिडकीतून ते मैदान बघत होती. दरवर्षी मे महिन्यात वाळवणाला जागा नसायची. अंगणात पापड घातले की त्यावर चेंडू येऊन पडायचा. आणि आज समोर झाडलेली, शिंपडलेली, चौकोन-चौकोन आखलेली जमीन होती आणि एक पोर दिसत नव्हतं. त्यातून आदल्या रात्री जेवताना दत्ताराम समाधानाने म्हणाला होता, "आता भांडण नाही. ज्याला त्याला आपापला कप्पा." मथुरेला वाटलं, इतक्या वर्षांनी ह्या माणसाला संसार कळला. तिने चाळीतल्या बायकांना सांगितलं, वाडीत जाऊन युस्टेसच्या बायकोला, डोरोथीला सांगितलं. सकाळी बाजारातून पताका घेऊन दत्ताराम परत आला तेव्हा कबड्डीच्या अंगणात तांदळाच्या फेण्या होत्या, व्हॉलीबॉलच्या दोन्ही बाजूंना उडदाचे पापड होते, खोखोच्या पाटीवर सांडगे ओळीने बसले होते, आणि फुटबॉलच्या एकुलत्या एका गोलासमोर डोरोथीने वर्षभराच्या बाटली मसाल्यासाठी लालभडक मिरच्या पसरल्या होत्या. एकाही बाईने रेघ ओलांडली नव्हती.

दत्तारामच्या हातातल्या पताका खाली पडल्या. त्याने मथुरेला जाब विचारला, तर तिने त्याचंच कप्प्याचं वाक्य त्याला ऐकवलं. उचला म्हणावं तर फेण्या अजून ओल्या होत्या. शेवटी तडजोड झाली. आज ऊन खाऊ द्यायचं, संध्याकाळी सगळं उचलायचं. साहेब यायला अजून उद्याचा दिवस होता. आणखी कुणी बाई वाळवण घेऊन घुसू नये म्हणून दत्ताराम छत्री उघडून मैदानाच्या तोंडाशी स्टूल टाकून बसला.

अकराच्या सुमाराला एक बाई आली. पस्तिशीची, सुती साडी, खांद्याला मोठी पिशवी. ती मैदानाकडे बघत उभी राहिली. दत्तारामने तिच्या फुगलेल्या पिशवीकडे पाहिलं आणि ओळखलं की ही पापडवालीच.

"बाई, जागा संपली," तो म्हणाला.

"कसली जागा?"

"वाळवणाची. सगळे कप्पे भरले. तुम्ही गच्चीवर घाला."

बाई जरा हसली. हे मैदान आहे ना, तिने विचारलं. दत्तारामला बोलायला माणूस हवंच होतं. मी तळवडेकर, मंडळाचा सेक्रेटरी, मैदान मीच आखलंय, तो म्हणाला, आणि स्टुलावरून उठून त्याने तिला एकेक रेघ समजावून सांगितली. बाई लक्ष देऊन ऐकत होती. अधूनमधून मान डोलवत होती. दत्तारामला आणखी चेव आला.

"रेघा इतक्या स्वच्छ कशा राहिल्या?" तिने विचारलं.

"शिस्त. इथं मी कुणाला पाय ठेवू देत नाही."

"पोरांना तरी?"

"पोरांना तर मुळीच नाही," दत्ताराम अभिमानाने म्हणाला. "एक पोर दाखवा मैदानात. सगळी हाकलून दिली."

तेवढ्यात रस्त्यावरून खाकी कपड्यातला ड्रायव्हर आला आणि त्याने विचारलं, "मॅडम, जीप सावलीत लावू का?"

दत्तारामने ड्रायव्हरकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं, जीपवरच्या पालिकेच्या अक्षरांकडे पाहिलं. साहेब म्हणजे साहेबच असणार, हे त्याने गृहीत धरलं होतं. बाईंनी शांतपणे सांगितलं की त्यांचं नाव अनुपमा गुप्ते. कळवलेल्या दिवशी गेलं की सगळीकडे पोरं गोळा करून उभी केलेली असतात, म्हणून त्या नेहमी एक दिवस आधी येतात. बरं झालं तुम्ही खरं काय ते सांगितलंत, असंही त्या म्हणाल्या.

हे शेवटचं वाक्य दत्तारामला फार लागलं. गोदामाच्या भिंती त्याला डोळ्यांसमोर वर चढताना दिसू लागल्या. तो वळला आणि जिवाच्या आकांताने ओरडला की सगळं उचला, आत्ताच्या आत्ता उचला. बायका घरांतून धावत सुटल्या. डोरोथी मिरच्या भरायला गोणपाट आणण्यासाठी वाडीत पळाली. गोणपाट डुकरांच्या कुडावर टाकलेलं होतं. तिने ते इतक्या जोरात ओढलं की कुडाचं दारच त्याच्याबरोबर निघून आलं.

आत एक डुकरीण होती. साधीसुधी नव्हे. डोरोथीच्या मुलीचं, मॉनिकाचं, पुढच्या रविवारी लग्न होतं, आणि त्या जेवणासाठी युस्टेसने या डुकरिणीला वर्षभर खाऊ घातलं होतं. ती बाहेर आली, तिने मोकळी हवा हुंगली आणि मैदानात शिरली. आधी फेण्या गेल्या. मग पापड गेले. मग ती मिरच्यांत घुसली, आणि तिथून मात्र ती तोफेतून सुटल्यासारखी सुटली. तिच्या पायांनी मिरच्यांचा असा काही खकाणा उडाला की चाळीतली शेवटच्या खोलीतली माणसंसुद्धा शिंकायला लागली. मथुरा शिंकत होती, ड्रायव्हर शिंकत होता, युस्टेस लुंगी सावरत शिंकत धावत होता आणि मधूनमधून ओरडत होता, "रस्त्यावर जाऊ देऊ नका तिला, माझ्या पोरीचं लगीन हाय."

नेमकी त्याच वेळी मुलुंडला गेलेली टोळी परत आली. तिथल्या पोरांनी त्यांना मैदानात घेतलंच नव्हतं. समोर हा देखावा बघून ती क्षणभर थबकली, मग सगळी आत घुसली. रेघांची कुणाला आठवण राहिली नाही. दत्तारामलाही नाही. तो स्वतः धावत होता, आणि डुकरीण त्याच्या दोन पायांमधून निघून गेली तेव्हा जमिनीवर बसला तो बराच वेळ तिथंच बसून राहिला.

तेव्हा अनुपमाबाईंनी पिशवी ड्रायव्हरकडे दिली. चपला काढल्या. पदर कमरेला खोचला. "तिच्या मागे धावू नका रे," त्या पोरांना म्हणाल्या, "हात धरा. साखळी करा." पोरं पटकन हात धरून उभी राहिली. चाळीतली आणि वाडीतली, जशी सापडली तशी. बाई साखळीच्या एका टोकाला वाकून उभ्या राहिल्या. त्या उभ्या राहण्यावरून कबड्डी खेळलेल्या कुणालाही कळलं असतं की ही बाई पंधरा वर्षांपूर्वी कुणाकुणाला लोळवून आली असेल. साखळी हळूहळू आवळत गेली. डुकरीण मागे सरकत सरकत लांब उडीच्या वाळूत गेली आणि तिचे पाय रुतले. बाईंनी झेप घेतली आणि तिचा मागचा पाय धरला. पोरं वर पडली. युस्टेसने दोर टाकला.

त्या ढिगाऱ्यातून एकेक जण उठला तेव्हा सगळे मोजून पाहिले गेले. कुणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. डुकरीणही धडधाकट होती, फक्त तिला शिंका आवरत नव्हत्या. डोरोथी वाळूतच गुडघ्यांवर बसून देवाचे आभार मानत होती.

अनुपमाबाईंनी डोळे पुसले, साडीवरची वाळू झटकली आणि मैदानावरून नजर फिरवली. एक रेघ शिल्लक नव्हती. दोन्हीकडची पोरं धापा टाकत, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून, कुणी कसा पाय धरला त्याचं वर्णन करत होती. दत्ताराम कसाबसा उठून बाईंच्या पुढे गेला. त्याला फक्त एवढं कळत होतं की आता काहीच बोलू नये.

"मैदान वापरात आहे," बाई म्हणाल्या. "गोदामबिदाम काही होणार नाही. मी आजच सांगते. फक्त आखू नका. पोरांना हवं तिथं हवं ते खेळू दे."

दत्तारामच्या छातीवरून एखादं भरलेलं कपाट कुणीतरी उचलल्यासारखं झालं. त्याला रडावंसं वाटलं, पण मिरच्यांमुळे डोळ्यांतून आधीच पाणी वाहत होतं, त्यामुळे वेगळं काही दिसलं नाही. मथुरेने बाईंना आत बोलावून थंडगार कोकम सरबत दिलं. उरलेल्या सांडग्यांचं काय करायचं, यावर बायकांची चर्चा सुरू झाली आणि बाहेर पोरांनी फुटबॉल सुद्धा काढला.

निघताना अनुपमाबाईंनी जीपमध्ये पाय ठेवला आणि काहीतरी आठवून वळल्या.

"तळवडेकर, तुम्ही स्वतः कुठला खेळ खेळता?"

मागे चाळीतली आणि वाडीतली सगळी पोरं ऐकत उभी होती.

"कॅरम," तो म्हणाला. "तोसुद्धा पाऊस असला तरच."