खिळा, पट्टा आणि मागची खोली

पेटीवाल्यांनी त्या दुपारी तोंड उघडलं ते खरं म्हणजे घास घालायला. पण घास आत जायच्या आधी शब्द बाहेर पडला. घास राहिला हातात आणि पुढचा सगळा आठवडा मातीत गेला.

मुलगी आणि जावई जेवायला आले होते. जावई व्यायामशाळेत जातो. (जातो तर जावं. घरोघरी सांगत फिरायचं कशाला?) जेवण आटोपत आलं तसा त्याने खिशातून वितीएवढा खिळा काढला, दोन्ही टोकांना चामड्याचे तुकडे गुंडाळले, हनुवटीखाली धरला, तोंड लाल केलं आणि खिळा वाकवून सासूच्या हातात दिला. सासूबाईंनी तो ओट्यावरच्या दांडीला अडकवला आणि त्याला झारा टांगला. एवढं कौतुक पेटीवाल्यांचं स्वतःच्या लग्नात झालं नव्हतं.

"त्यात काय," पेटीवाले म्हणाले. "कारखान्यात असले खिळे मी रोज वाकवायचो."

यात खोटं काही नव्हतं. लाकडी खोकी ठोकण्यात त्यांचा जन्म गेला आणि त्यांच्या हातोडीखाली खिळे वाकायचेच. फक्त वाकावेत अशी कुणाची इच्छा नसायची.

बायकोने ताट उचलता उचलता म्हटलं, "मग पुढच्या रविवारी दाखवा वाकवून. नाही वाकला तर मागची खोली रिकामी करायची."

आता आली पंचाईत. मागची खोली म्हणजे पेटीवाल्यांचं राज्य. तिथे फळ्या, हातोड्या, एक डगमगतं स्टूल आणि खिळ्यांचे दोन डबे. एका डब्यात दुकानातून आणलेले खिळे. दुसऱ्यात फुटक्या खोक्यांचे. फुटकी खोकी पाणी तापवायच्या चुलीत जायची आणि दुसऱ्या दिवशी राखेतून खिळे वेचून, सरळ करून, वाळूने घासून पेटीवाले ते नव्यासारखे चकचकीत करायचे. टाकून देणं त्यांना जमायचंच नाही. दुपारी त्या खोलीचं दार लोटलं की कुणी त्यांना दळण आण म्हणत नसे. खोली गेली तर दिवसभर बायकोच्या नजरेसमोर बसायचं. त्यापेक्षा खिळा वाकवलेला बरा.

सोमवारी बायकोने त्या खोलीत झाडू मारला आणि दोन्ही डबे एकात ओतले. "रविवारी हलवायला सोपं," म्हणाली. पेटीवाल्यांनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांचं लक्ष फोनकडे होतं, कारण जावई शिकवणी घेत होता. (जावई चांगला आहे, हीच त्याची खोड.)

"बाबा, दोन्ही तळवे खाली हवेत."

"खाली म्हणजे कुठे?"

"जमिनीकडे. आणि मुठी हनुवटीखाली. अंगठे खिळ्याला चिकटलेले. ओढायचं नाही, मुठी एकमेकींकडे दाबायच्या."

"तळवे जमिनीकडे, मुठी हनुवटीखाली. मग फोन कुठे धरू?"

जावयाने थोडा विचार केला. "फोन ठेवून करा."

"ठेवला तर तू सांगणार कसं?"

शेवटी फोन खांद्यात दाबून पेटीवाल्यांनी खिळा धरला. फोन खाली पडला, तो उचलायला वाकले तर स्टूल पडलं. खिळा होता तसाच सरळ.

मग आली गुंडाळायची भानगड. जावई म्हणाला होता, घट्ट गुंडाळा, मध्ये अंगठाभर खिळा उघडा ठेवा, कापड चालेल पण चामडं उत्तम. पेटीवाल्यांनी आधी पंचा घेतला. टोक पंच्यातून आरपार आलं आणि तळहाताची चौकशी करून गेलं. मग गोधडीचा तुकडा. तो इतका जाड की आत खिळा आहे की नाही हेच कळेना, उशीशी कुस्ती खेळल्यासारखं वाटायला लागलं. रेक्झिन घेतलं तर खिळा सटकून कपाटाखाली गेला. शेवटी दाराच्या मागे एक जुना पट्टा लटकलेला दिसला. आपलाच असणार, दुसऱ्या कुणाचा असणार? घेतली कात्री, केले दोन तुकडे.

आणि काय सांगावं, खिळा वाकला. तारेसारखा. पेटीवाल्यांनी आजूबाजूला पाहिलं. बघायला कुणीच नव्हतं. नशीबच तसलं.

दुसरा घेतला. तेच चामडं, तेच हात, तेच अंगठे. हलेना. डोळ्यांपुढे काजवे चमकले, खिळा ढिम्म. वैतागून त्याच खिळ्याला पंचा गुंडाळला. ढिम्म. तिसऱ्याला पंचा गुंडाळला, तो झटक्यात वाकला. म्हणजे पंचाच बरा? चौथ्याला पंचाच गुंडाळला. छे.

बाहेरून बायकोचा आवाज आला. "अहो, पोट दुखतंय का?"

"खिळा वाकवतोय."

"वाकला?"

"एक वाकतो. एक नाही."

"असं कसं?"

"तेच तर बघतोय."

आठवडाभर पेटीवाल्यांनी तेच बघितलं. तळवे वर केले, खाली केले, एक वर एक खाली केला. खिडकी उघडून पाहिली, लावून पाहिली. चहाच्या आधी, चहाच्या नंतर. कधी वाकायचा, कधी नाही, आणि का ते कळेल तर शपथ. शनिवारी डाव्या हाताला चामडं, उजव्या हाताला पंचा, डावा पाय स्टुलावर आणि श्वास रोखलेला असताना लागोपाठ दोन वाकले. ठरलं. हेच तंत्र.

रविवारी मंडळी जमली. जावई डाव्या हाताने पँट वर ओढत आत आला.

"बाबा, मागच्या वेळी जेवण जड झालं म्हणून पट्टा काढला होता. इथेच राहिला का हो?"

"बघायला पाहिजे," पेटीवाले म्हणाले आणि चामडं मुठीत लपवलं. पण पट्ट्याची भोकं बोटांतून डोकावत होती. मुलीने ती पाहिली आणि पदर तोंडाला लावला.

डाव्या हाताला चामडं, उजव्याला पंचा, पाय स्टुलावर. डब्यातून खिळा उचलला, श्वास रोखला, दाबला. खिळा असा वाकला की दोन्ही टोकं एकमेकांना भेटली.

सगळ्यात जास्त चकित पेटीवालेच होते. खोली वाचली होती. इथे माणसाने उठावं, हात धुवावे, चालू पडावं. पण जावई पुढे सरकला.

"बाबा, परत एकदा. हात नक्की कसा धरलात ते बघू द्या."

कौतुक फार वाईट. पेटीवाल्यांनी दुसरा खिळा उचलला. दाबला. ढिम्म. पाय बदलला. चामडं उजवीकडे घेतलं, पंचा डावीकडे. जावई म्हणाला, "अंगठे, बाबा, अंगठे." अंगठे पांढरे पडले, कानशिलं तापली, खिळा मात्र दुकानातून आणल्यासारखा ताठ.

तेवढ्यात बायको डब्यापाशी बसली. तांदूळ निवडावे तसे खिळे निवडले, एक घेतला, पातेलं उतरवायचं फडकं गुंडाळलं आणि ओट्याच्या कडेला टेकवून सहज वाकवला.

"हा राखेतला आहे," ती म्हणाली. "चुलीत तापून मऊ पडतात ते. माझ्या झाऱ्यापळ्यांचे सगळे आकडे त्यांचेच केलेत मी. तुमच्या हातात आहे तो दुकानातला."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग आठवडाभर सांगितलं का नाहीस?"

"मी विचारलं ना, असं कसं म्हणून. तुम्ही म्हणालात, तेच बघतोय. म्हटलं, बघू दे."

खोली गेली. संध्याकाळच्या आत फळ्या व्हरांड्यात आल्या. बायकोला तिथे भिंतीवर फडताळ हवं होतं आणि ठोकायचं काम अर्थात पेटीवाल्यांचं. दुकानातले खिळे तिने निवडून स्वयंपाकघरात ठेवले होते, पण रागाच्या भरात मागायला कोण जातंय? त्यांनी डब्यात उरलेल्यांतला एक उचलला आणि हातोडी मारली. खिळा वाकला. दुसरा घेतला, हलक्या हाताने मारला. वाकला. तिसरा तर हातोडी लागायच्या आधीच मान टाकतोय असं वाटलं.

दारात जावई उभा होता. एका हाताने पँट धरलेली, डोळ्यांत खरंखुरं कौतुक.

"बाबा," तो म्हणाला, "आता तर तुम्ही काही गुंडाळलंसुद्धा नाहीत."